अंतर्गत समिती : अध्यक्षपदावरील स्त्रीची कसोटी

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिलाच असावी, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असा दंडक आहे. कित्येक जणींच्या हाती प्रथमच खरा अधिकार येतो तो येथे.

या नेतृत्वाची व्याप्ती मोठी आहे. कंत्राटदारामार्फत आलेली सफाई कामगार, रोजंदारीवरील मदतनीस, प्रशिक्षणार्थी मुलगी या साऱ्या कायद्याच्या लेखी कर्मचारीच. जिला तक्रार लिहिता येत नाही, तिला ती लिहून देण्यास साहाय्य करणे हे अध्यक्षांचे वा सदस्यांचे कर्तव्य ठरते. समितीची माहिती दर्शनी भागात लावायची असते. ती जिन्याखाली लटकत राहिली, तर या महिलांपर्यंत पोहोचणार कशी?

ऐकायचे ते आरोपीचेही. गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणात २००९ मध्ये, हा कायदा येण्यापूर्वी, झालेली चौकशी घाईने उरकली गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले आणि बाजू मांडण्याची संधी देऊन ती पुढे चालवण्यास प्रकरण समितीकडे परत पाठवले. त्या घाईची किंमत तक्रारदारांनाही चौदा वर्षांनी मोजावी लागली.