होकाराच्या रकान्याआधी

अधिवेशन संपलं की कॅलिफोर्नियातले आमदार मतदारांना आपला कार्यअहवाल पाठवतात. त्यात पर्यावरण आणि ग्राहकहिताच्या विधेयकांची यादी असते आणि प्रत्येकापुढे आपण कसं मत दिलं ते लिहिलेलं असतं. प्रत्येक मत नावानिशी नोंदलं जात असल्यामुळे त्यात खोटं लिहिण्याची सोय फारशी नाही. तरीही हा अहवाल मतदाराच्या हाती फार थोडं देतो. सभागृहात अंतिम मतदान होतं तोवर विधेयकाचं बरंवाईट बहुतेक ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी यादीत येत नाहीत.

प्लास्टिक पिशव्यांचंच घ्या. 2014 साली कॅलिफोर्नियाने राज्यभर पिशवीबंदीचा कायदा केला. उत्पादकांनी तो सार्वमताला नेला, पण नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी कायदाच उचलून धरला. ज्यांनी बाजूने मत दिलं होतं त्यांच्या अहवालात ‘पिशवीबंदीला पाठिंबा’ असं आलं असेल, तर ते खरंच होतं. मात्र त्याच कायद्यात 2.25 मिल, म्हणजे साधारण 57 मायक्रॉन, जाडीची पिशवी ‘पुन्हा वापरता येणारी’ ठरवून निदान 10 सेंटला विकायची मुभा होती. लोकांनी ती जाड पिशवीही एकदा वापरून टाकून दिली. राज्याच्या कचऱ्यातल्या प्लास्टिक पिशव्यांचं वजन कायदा झाला त्या वर्षी सुमारे 1 लाख 57 हजार टन होतं. काही वर्षांत ते 2 लाख 31 हजार टनांवर गेलं. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये जाड पिशवीही बंद करणारा दुसरा कायदा करावा लागला. ग्राहकहिताच्या बाजूलाही हेच दिसतं. जाहिरातीतल्या किमतीत सगळे सक्तीचे आकार धरलेच पाहिजेत, असा कायदा 2023 मध्ये झाला. तो 1 जुलै 2024 पासून लागू व्हायचा होता. जून संपता संपता रेस्टॉरंटांना त्यातून सवलत देणारा कायदा झाला, आणि तो मांडणारे सिनेटर बिल डॉड मूळ कायद्याचेही कर्तेच होते. दोन्हींना होकार देणाऱ्याचे रकाने स्वच्छच दिसतात!

मत न देणं हीसुद्धा एक कला आहे. तिथे साधं विधेयक मंजूर व्हायला हजर सदस्यांचं नव्हे, तर एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. असेंब्लीत 80 पैकी 41, सिनेटमध्ये 40 पैकी 21. त्यामुळे गप्प बसणाऱ्याचं मौन विरोधाइतकंच काम करतं, नोंदीत मात्र ‘विरोध’ येत नाही. त्याआधीची चाळणी तर आणखी बारीक. खर्चाची विधेयकं वित्तविषयक समितीच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातात. वर्षातून दोनदा त्यांचा निकाल भराभर वाचला जातो आणि अडवलेली विधेयकं तिथेच संपतात, अनेकदा चर्चेवाचून. सभागृहात जी आलीच नाहीत, त्यांच्यावरचं मत अहवालात येणार कुठून?

कॅलिफोर्नियात निदान नावानिशी नोंद तरी होते, हेच अनेकांना पुरेसं वाटेल. महाराष्ट्रात विधेयकं बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी धोक्यात येते. त्यामुळे आपल्या आमदारांच्या कार्यअहवालात रस्ते, सभामंडप आणि निधी असतो, मतं नसतात. 2018 ची प्लास्टिकबंदी तर 2006 च्या कायद्याखालच्या अधिसूचनेने आली आणि किराणा दुकानांच्या वेष्टनाला सवलतही सरकारी पातळीवरच मिळाली. या तुलनेत कॅलिफोर्निया पुढे आहे, यात वाद नाही. पण नोंद ठेवणं वेगळं आणि त्या नोंदीतून मतदाराला काही कळणं वेगळं.

खरा आक्षेप दुसराच आहे: तडजोडीशिवाय कायदे होत नाहीत. तो बरोबर आहे. 2013 मध्ये पिशवीबंदीचं आधीचं विधेयक सिनेटमध्ये थोडक्या मतांनी पडलं होतं. पुढच्या वर्षीच्या विधेयकात उत्पादकांना यंत्रं बदलण्यासाठी 20 लाख डॉलर कर्जाची तरतूद आली आणि मतं जुळली. अशी तडजोड करण्यात कमीपणा नाही. अहवाल आटोपशीर हवा, हेही मान्य. पण होकाराखाली एक ओळ मावते: कोणती सवलत कोणासाठी ठेवली आणि तिचा परिणाम केव्हा तपासणार. ती ओळ 2014 मध्येच छापली असती, तर जाड पिशवीचा हिशेब मागायला मतदाराला दहा वर्षं थांबावं लागलं नसतं.