320 कोटी अक्षरांतली 22 अक्षरं

माणसाच्या डीएनएच्या एका संचात अक्षरं किती? साधारण 320 कोटी! आकडा डोक्यात मावत नाही ना? मग रस्त्यावर मांडू. एका अक्षराला एक मिलिमीटर दिला तरी ओळ होते 3,200 किलोमीटरची. मुंबई-पुणे अंतर 21 वेळा! ही ओळ नगरहून मनमाड रस्त्याने सोडा. प्रथिनांची कृती सांगणारी सगळी अक्षरं आधी एकापुढे एक ठेवा. राहुरी मागे पडते आणि कोल्हार यायच्या आत ती संपतात. जेमतेम 48 किलोमीटर! उरलेल्या 3,150 किलोमीटरमधल्या बऱ्याच भागाला शास्त्रज्ञ कित्येक वर्षं रद्दीच म्हणत होते.

त्या रद्दीतून आरएनएचे, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलांचे, हजारो धागे निघतात. ते प्रथिन बनवत नाहीत, पण कोणतं जनुक चालवायचं आणि कोणतं दाबायचं यात त्यांचा हात असतो. 'हॉटएअर' हा त्यातलाच एक. 2,200 अक्षरांचा, आपल्या मापात सव्वादोन मीटर. 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की स्तनाच्या काही कर्करोगांत तो 2,000 पटींपर्यंत वाढतो, आणि मूळ गाठीत तो जास्त असेल तर रोग पसरण्याचा धोकाही जास्त. 2,000 पट! जिथे एक प्रवासी असायचा तिथे 2,000 जण आले, तर 72 बर्थच्या डब्यांची 24 डबी एक्सप्रेस भरूनही पावणेतीनशे जण फलाटावर उरतील.

मायक्रोआरएनए त्याहून चिमुकला. साधारण 22 अक्षरं, म्हणजे 22 मिलिमीटर. 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं तेवढंच रुंद आहे! 3,200 किलोमीटरच्या रस्त्यावर एक नाणं!

आता कर्करोगाची गाठ. एक सेंटिमीटरची, हरभऱ्याएवढी. त्यात सुमारे 100 कोटी पेशी. प्रत्येक पेशीला पाण्याचा एक थेंब धरला तर 50,000 लिटर, म्हणजे उन्हाळ्यात पाथर्डीच्या वाडीवर येणारे दहा हजारी पाच टँकर. आणि अख्खं शरीर? वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा चार हजारांवर विहिरी! टँकरमधला एक थेंब निसटून यातल्या एखाद्या विहिरीत रुजला, की दुसरी गाठ सुरू. पेशीमागे दोन मीटर डीएनए धरला तर त्या हरभऱ्यात 20 लाख किलोमीटर दोरा आहे. चंद्रावर दोनदा जाऊन या, तिसऱ्यांदा चंद्र गाठा, तरी दोरा उरतो!

पुढचा आकडा मात्र छातीवर दडपण आणतो. कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे 1,92,020 नवे रुग्ण. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत जवळपास 70 जणींचं निदान. जगभरात एका वर्षात 23 लाख. 2011 च्या जनगणनेत आपल्या नगर जिल्ह्यातल्या सगळ्या बायका मिळून 22 लाख होत्या!

म्हणूनच खारघरच्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेतलं 2022 चं काम मला मोठं वाटतं. तिथे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दिल्यावर 'डीएससीएएम-एएस1' हा लांब धागा घटला, 'मिर-130ए' हा नाण्याएवढा धागा वाढला आणि पेशींची पसरण्याची धाव मंदावली. या कामामागे मुंबईतली एक चाचणी होती, निकाल 2011 चा. स्तनाचा कर्करोग झालेल्या 1,000 बायका. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ठळक फरक नाही. पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेलेल्या बायकांत? इंजेक्शनाविना पाच वर्षांनी शंभरातल्या 55 जणी रोगमुक्त होत्या. इंजेक्शन घेतलेल्यांत 65. शंभरामागे दहा बायका जास्त, एका सुईवर!