देशभक्तीच्या गणवेशातली टोळी

झेल्को राझनातोविच ऊर्फ आर्कान ऐन तारुण्यात पश्चिम युरोपातल्या बँका लुटत असे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगांतून तो पळाला. युगोस्लाव्हियाच्या गुप्तचर यंत्रणेशी लागेबांधे असल्याने मायदेशी त्याला अभय होतं. पुढे बेलग्रेडच्या 'रेड स्टार' फुटबॉल क्लबच्या हुल्लडबाज चाहत्यांचा तो म्होरक्या झाला आणि १९९० मध्ये त्याच पोरांना हाताशी धरून त्याने 'सर्ब स्वयंसेवक दल' उभं केलं. डिसेंबर १९९२ मध्ये तो खासदारही झाला. दरोडेखोर, सेनापती आणि लोकप्रतिनिधी ही तिन्ही पदं एकाच माणसाने भोगली, आणि त्याला तिथवर राज्यसंस्थेनेच पोचवलं.

संघटित गुन्हेगारी कायदा दुबळा असेल तिथे आपोआप माजते, असं आपण धरून चालतो. युगोस्लाव्हियाचा इतिहास वेगळं सांगतो. तिथे राष्ट्रवादाने गुन्हेगाराला प्रतिष्ठा दिली, बड्या राष्ट्रांच्या निर्णयांनी त्याला बाजारपेठ दिली, आणि शांतता आली तेव्हा त्याच्याकडून हिशेब मागण्याची ताकद कोणातच उरली नव्हती.

सत्तेला हवे असलेले हात

मार्शल टिटो १९८० मध्ये गेले. कर्ज, महागाई आणि बेकारीने पिचलेल्या सहा प्रजासत्ताकांच्या त्या संघराज्यात स्लोबोदान मिलोशेविच यांनी १९८७ पासून सर्ब अस्मितेला हात घातला. क्रोएशियात फ्रान्यो तुजमान यांनी क्रोएट अस्मिता पेटवली. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्धाला तोंड फुटलं.

सक्तीची भरती बेलग्रेडचे असंख्य तरुण चुकवत होते. शेजाऱ्याला घराबाहेर काढायचं, गाव रिकामं करायचं, असल्या कामांना नियमित फौजही कचरत होती. शिवाय अशा कृत्यांची जबाबदारी झटकता यावी, हीही सत्तेची गरज होती. म्हणून आर्कानसारखे लोक पुढे आले. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियातल्या बियेलिना गावात त्याच्या माणसांनी रस्त्यात पाडलेल्या निःशस्त्र मुस्लिमांना लाथा घातल्या. अमेरिकन छायाचित्रकार रॉन हाविव यांनी टिपलेलं ते दृश्य जगाने पाहिलं. घरं रिकामी झाली की लूट ट्रकांतून सर्बियाकडे जाई. वांशिक शुद्धी आणि लूटमार हा तिथे एकच धंदा होता.

बोस्नियाची राजधानी सारायेव्होची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सर्ब फौजांचा वेढा पडला तेव्हा सरकारकडे धड सैन्यच नव्हतं. शहर राखायला पहिल्यांदा धावले ते युका प्राझिना आणि मुशान टोपालोविच ऊर्फ त्सात्सो यांच्यासारखे दादा. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे त्सात्सोच्या टोळीने शहरातल्याच सर्ब नागरिकांना मारून डोंगरातल्या घळीत फेकलं. अखेर ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारला आपल्याच रक्षकांविरुद्ध कारवाई करावी लागली.

निर्बंधांची बाजारपेठ

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सप्टेंबर १९९१ मध्ये संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर सगळे समान होते. प्रत्यक्षात जुन्या फौजेची कोठारं सर्बांच्या बाजूला होती आणि बोस्नियाकडे फारसं काही नव्हतं. त्यामुळे बोस्नियापुढे चोरट्या शस्त्रांखेरीज मार्ग उरला नाही. १९९४ मध्ये इराणची शस्त्रं क्रोएशियामार्गे बोस्नियात पोचत होती, आणि अमेरिकेच्या सरकारने ते माहीत असूनही अडवलं नाही. बंदी घालणाऱ्यांनीच तस्करीकडे काणाडोळा केला.

३० मे १९९२ रोजी सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोवर व्यापारबंदी आली. हेतू मिलोशेविच यांना वाकवण्याचा होता, पण भरडला गेला तो पगारदार मध्यमवर्ग. जानेवारी १९९४ मध्ये महागाई महिन्याला ३१ कोटी टक्क्यांवर गेली; सरकारने ५० हजार कोटी दिनारची एकेक नोट छापली. शिक्षक, डॉक्टर, पेन्शनर कंगाल झाले. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतून पेट्रोल विकलं जाऊ लागलं.

ते पेट्रोल रुमानिया, बल्गेरिया, मॅसिडोनिया आणि अल्बानियातून येत होतं. साम्यवाद कोसळल्याने हे देश स्वतःच डबघाईला आले होते. सर्बियाशी व्यापार तुटल्याचं नुकसान त्यांना कोणी भरून दिलं नाही. मग सीमेवरची सारी गावं तस्करीवर जगू लागली. सर्ब आणि अल्बेनियन यांचं वैर जगजाहीर होतं, तरी त्यांच्या तेलाच्या सौद्यात ते आड आलं नाही. युरोपातली पुढची गुन्हेगारी जाळी याच रस्त्यांवर विणली गेली.

मॉन्टेनेग्रोच्या बार बंदरातून रात्री वेगवान बोटी सिगारेटची खोकी घेऊन एड्रियाटिक ओलांडत आणि इटलीच्या पुलिया किनाऱ्यावर माफियाच्या हवाली करत. मिलोशेविचपासून दुरावलेलं मॉन्टेनेग्रोचं सरकार पाश्चात्त्य राष्ट्रांना हवंहवंसं असल्याने त्यावर फारसा दबाव आला नाही. करमहसूल बुडालेल्या युरोपीय संघाने सिगारेट कंपन्यांनाच न्यायालयात खेचलं. २००४ मध्ये फिलिप मॉरिसने दीर्घ मुदतीत सुमारे १२५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

हिशेबाची वेळ

आर्कानवर युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेग न्यायाधिकरणाने आरोप ठेवले होते, पण खटला उभा राहण्याआधीच जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडच्या एका हॉटेलात त्याचा खून झाला. त्याच्या दलातून आलेला मिलोराद उलेमेक ऊर्फ लेगिया तोवर 'रेड बेरेट्स' या विशेष पोलिस तुकडीचा प्रमुख झाला होता आणि अमली पदार्थांच्या व्यापारातल्या झेमुन टोळीशी त्याचं गूळपीठ होतं. ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविच यांची सत्ता उलथली. त्याच्या आदल्या रात्री विरोधी नेते झोरान जिंजिच यांनी लेगियाला भेटून, तुकडी जनतेवर चालून येणार नाही, असं आश्वासन मिळवलं होतं.

पंतप्रधान झाल्यावर जिंजिच यांनी मिलोशेविच यांना हेगच्या हवाली केलं आणि टोळ्यांकडे मोर्चा वळवला. १२ मार्च २००३ रोजी सरकारी कचेरीबाहेर त्यांना गोळी घालण्यात आली. नेम धरणारा रेड बेरेट्सचाच अधिकारी होता. कटाला नाव होतं 'हेग थांबवा'. देशाच्या सन्मानाची भाषा बोलणारे कटवाले प्रत्यक्षात स्वतःचा धंदा वाचवत होते. नंतरच्या 'साब्ल्या' मोहिमेत ११ हजारांहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले आणि ती तुकडी बरखास्त झाली.

जाळं मात्र टिकलं. २००९ मध्ये उरुग्वेजवळ दोन टनांहून अधिक कोकेन पकडलं गेलं. त्यामागे बाल्कन टोळी होती. मॉन्टेनेग्रोच्या कोटोर गावातल्या दोन टोळ्यांचं वैर अनेक देशांत रक्त सांडत राहिलं. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात वापरलेल्या काही रायफली सर्बियाच्या झास्तावा कारखान्यातल्या होत्या.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. सोन्यावरच्या निर्बंधांनी आपल्या किनाऱ्यावर तस्करांची पिढी पोसली. बाबरी पतन आणि दंगलींनंतर, १९९३ च्या सुरुवातीला, रायगडच्या दिघी आणि शेखाडीत सोनं-चांदी उतरवणाऱ्या त्याच वाटांनी शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. लाच घेऊन माल जाऊ देणारे सीमाशुल्क अधिकारी आणि पोलिसही न्यायालयात दोषी ठरले. चोरवाट एकदा तयार झाली की तिच्यावरून काय जाईल, हे ती पोसणाऱ्यांच्या हाती राहत नाही.

म्हणून निर्बंध लादणाऱ्यांनी शेजारी देशांच्या आणि सामान्य घरांच्या पोटाची तजवीज आधी करायला हवी. युद्ध थांबवणाऱ्यांनी शस्त्रसंधीबरोबरच टोळ्यांच्या निःशस्त्रीकरणाची अट घालायला हवी. आणि नागरिकांनी, आपल्या बाजूचा म्हणून कुठल्याही गुंडाला वीर ठरवण्याचं साफ नाकारायला हवं. जिंजिच यांच्यानंतर सर्बियाने जे निस्तरलं, ते १९९० मध्ये एका दरोडेखोराच्या हाती बंदूक आणि झेंडा देताना टाळता आलं असतं. तो नकार द्यायची वेळ पहिल्या दिवशीच असते.