अतिनील किरणांचा उपचार : थोडक्यात

- कशासाठी? सोरायसिस, एक्झिमा, कोड. तिन्ही चिवट, स्पर्शाने एकही पसरत नाही.
- नॅरोबँड यूव्हीबी : तरंगलांबी ३११ ते ३१३ नॅनोमीटर. गोळी लागत नाही. गरोदरपणातही देता येतो.
- पुवा : आधी सोरॅलेन (त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारे औषध), मग यूव्हीए (३२० ते ४०० नॅनोमीटर). गरोदरपणात टाळतात. आयुर्वेदातल्या बावचीतही सोरॅलेन असते.
- कसा देतात? आठवड्याला २-३ वेळा. उभ्या नळ्यांच्या कपाटात, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून. सुरुवातीला मात्रा कमी, पुढे हळूहळू वाढ.
- फरक : कडक उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे, इथे मात्रा मोजलेली असते.
- इतिहास : त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३चे नोबेल.
- सुरतेत त्वचारोग विभाग : न्यू सिव्हिल हॉस्पिटल (मजुरा गेट), महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय.