अंगणापासून शाळेपर्यंत : ग्रामीण प्राथमिक शाळेतील बालवर्गाचा प्रश्न

खेड्यातील लहानशा प्राथमिक शाळेला बालवर्ग जोडावा, त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी काही जागा निर्माण कराव्यात, ही सूचना वरवर पाहता प्रशासकीय स्वरूपाची वाटते. एक खोली, एक शिक्षिका, थोडी खेळणी एवढ्यावर ती संपते असा समज होतो. वस्तुतः या प्रश्नाशी भारतीय शिक्षणविचारातील एक मोठा वाद आणि मराठीतून इतर भारतीय भाषांत गेलेला एक महत्त्वाचा शब्द निगडित आहे. हा शब्द म्हणजे 'अंगणवाडी'. तो कोणत्या परिस्थितीतून घडला हे समजून घेतल्यावाचून 'जागा वाढविणे' म्हणजे नेमके काय वाढविणे, याचा उलगडा होत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या प्राथमिक शाळांत पहिल्या इयत्तेच्या आधी 'बिगरी' नावाची एक पायरी असे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बिगरी ते मॅट्रिक' या लेखाच्या शीर्षकामुळे हा शब्द अनेकांच्या स्मरणात राहिला आहे. बिगरी हा बालशिक्षणाचा स्वतंत्र विचार नव्हता. तो पहिल्या इयत्तेचा उंबरठा होता. अक्षरओळख आणि अंकओळख हेच त्याचे प्रयोजन. लहान मुलासाठी शाळेत जागा असणे आणि ती जागा लहान मुलाची असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत, याची जाणीव त्या व्यवस्थेत नव्हती.

ही जाणीव पश्चिम भारतात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांना दिले पाहिजे. भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेऊन, पण तिला गुजराती घराचे रूप देऊन, गिजुभाईंनी ते चालविले. राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई या कार्यात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकाद्वारे हा विचार प्रथम गुजराती व पुढे मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार काढला. तथापि बालमंदिर काय किंवा शिशुविहार काय, दोन्ही नागर मध्यमवर्गाच्या संस्था होत्या. खर्चिक साधने, प्रशस्त दालने आणि मुलाला वेळेवर आणून सोडणारे पालक या तीन गोष्टी त्यांत गृहीत होत्या. खेड्यात यांपैकी एकही उपलब्ध नव्हती.

याच सुमारास शासकीय पातळीवरही या विषयाचा विचार होऊ लागला होता. १९४४ च्या सार्जंट योजनेने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी देशभर दहा लक्ष जागांची शिफारस केली. शहरांत, जेथे पुरेशी मुले जवळपास मिळतील तेथे, स्वतंत्र शिशुशाळा असाव्यात आणि अन्यत्र प्राथमिक शाळांनाच शिशुवर्ग जोडावेत, असे तिचे म्हणणे होते. शिक्षण निःशुल्क असावे आणि शिक्षिका या कामासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या असाव्यात, हेही तीत नमूद होते. म्हणजे ग्रामीण प्राथमिक शाळेला बालवर्ग जोडण्याची कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. मात्र योजना जागांची संख्या सांगू शकत होती. त्या जागांवर कोणते मूल येऊन बसेल आणि कोणते बसणार नाही, हे सांगू शकत नव्हती.

या प्रश्नाचे उत्तर ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात शोधले गेले. (हा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे अध्यापन केलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. १९४५ हे वर्ष या परिसराच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या साहित्य अकादेमी पुरस्कारप्राप्त ग्रंथात त्याची हकिगत आली आहे. एकाच प्रदेशात, एकाच वर्षी, एक कार्य प्रौढांच्या मुक्तीचे आणि दुसरे त्यांच्या मुलांच्या वाढीचे सुरू झाले. दोन्ही मार्ग भिन्न होते. पण ज्या दारिद्र्याशी त्यांची गाठ पडली ते एकच होते.

बोर्डीचा अनुभव असा की गावाच्या मध्यभागी बालवाडी उघडली म्हणून सर्व मुले तेथे येत नाहीत. सवर्ण वस्तीतील मुले येत. दलित आणि श्रमिक वस्त्यांतील येत नसत. अंतर केवळ पावलांचे नव्हते. अंगावर धड कपडा नसणे, सकाळी आई कामावर जाणे, इतरांच्या मुलांमध्ये बसण्याचा संकोच, अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली होती. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, हा निर्णय घेण्यात आला. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी, हाताशी असलेल्या वस्तूंच्या साहाय्याने बालवाडी भरू लागली. आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे येथपासून तिचा आरंभ होई. शंख-शिंपले, खडे, पाने, बिया, माती हीच तिची साधने. गावातील मुख्य बालवाडी ती 'मध्यवर्ती बालवाडी' आणि वस्तीतील ती 'अंगण बालवाडी', असा भेद तेथे रूढ झाला. पुढे 'अंगण बालवाडी'चे 'अंगणवाडी' झाले.

येथे शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मन भाषेत योजिलेल्या शब्दाचा अर्थ 'मुलांची बाग' असा आहे. भारतात आधी 'मंदिर' आले, मग 'विहार', त्यानंतर 'वाडी' आणि शेवटी 'अंगण'. मंदिराला पावित्र्य आहे, पण त्याला पायरीही आहे आणि ती सर्वांना खुली असतेच असे नाही. विहार हा निवांत जीवनाचा शब्द आहे. 'वाडी' या शब्दात मराठी व गुजराती दोन्ही भाषांतला बागेचा अर्थ आहे. शिवाय कोकणात तो लहान वस्तीचाही वाचक आहे. त्यामुळे फ्रोबेलची बाग आणि गावाबाहेरची वस्ती या दोहोंना तो एकत्र आणतो. 'अंगण' मात्र कोणाही गरिबाच्या झोपडीपुढे असते. ते घरही नव्हे आणि रस्ताही नव्हे. आईच्या नजरेच्या टप्प्यातले पहिले जग म्हणजे अंगण. बालशिक्षणाच्या परिभाषेचा हा उतरता क्रम वस्तुतः त्या विचाराच्या विस्ताराचा क्रम आहे.

१९५६-५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेण्यात आले. तेथे प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. प्राथमिक शाळेत नाव असलेली मुलगी गैरहजर असे, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असे. मुलगा नसे, कारण तो गुरांमागे असे. भावंडासाठी जागा नाही म्हणून मोठीची जागा रिकामी, अशी ही परिस्थिती होती. यावरील उपाय म्हणजे 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणि एकाच दृष्टीने चालविणे, ही तिची कल्पना. मुलगी भावंडाला घेऊन येई. तान्हे पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. गुराख्यांसाठी तर शिक्षकच कुरणात जात. त्या उपक्रमास 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकाचे नावच त्यांच्या या कर्मभूमीवरून पडले आहे.

या प्रयोगातून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघतो. ग्रामीण शाळेत बालवर्गाच्या जागा वाढविल्या असता केवळ लहान मुलांचा लाभ होतो असे नाही. प्राथमिक शाळेच्या हजेरीचा, विशेषतः मुलींच्या हजेरीचा, तो पाया ठरतो. बालवर्ग हा शाळेच्या खाली जोडलेला जादा मजला नसून शाळा ज्यावर उभी राहते ते जोते होय. सेवाग्राम येथे १९४५ मध्ये नयी तालीमची व्याप्ती वाढवून तीत पूर्वबुनियादी शिक्षणाचा समावेश करण्यात आला, त्यामागेही हीच धारणा होती.

दिल्लीच्या धोरणवर्तुळात हा विचार पोहोचण्यास काही काळ लागला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरातील ग्रामीण शिक्षणकार्यातून पुढे आलेले होते. आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले; पण साधनांच्या मर्यादेमुळे त्याच्या विस्ताराचे उद्दिष्ट माफक ठेवले आणि प्राथमिक शाळांना जोडलेल्या कमी खर्चाच्या बालक्रीडाकेंद्रांकडे लक्ष वेधले. १९६९ मध्ये खुद्द दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ चाललेल्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी पाळणाघर सुरू केले आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. मीरा महादेवन यांचा जन्म बेने इस्रायल समाजातला, म्हणजे परंपरेने मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला. 'अपना घर' ही हिंदी कादंबरी त्यांच्या नावावर आहे. मूल जेथे आहे तेथे बालवाडीने जावे, हे बोर्डीच्या अंगणातले सूत्र येथे बांधकामाच्या धुळीत पुन्हा प्रकटले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांच्या रूपाने सुरू झाली आणि तिच्या केंद्रास 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. मल्याळम, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा भाषांत हा शब्द आपापल्या उच्चारानुसार रुळला. हिंदीत त्याचे 'आँगनबाड़ी' असेही रूप झाले. ललित वाङ्मयातील शब्दांचे देणेघेणे अभ्यासकांच्या नजरेत सहज भरते. पण एखादा व्यवहारातला शब्द अशा रीतीने अखिल भारतीय होणे ही घटना कमी महत्त्वाची नाही. मात्र या प्रवासात त्याचा मूळ अर्थ काहीसा झिजला. योजनेचा भर पोषण, लसीकरण आणि आरोग्य यांवर होता आणि तो आवश्यकही होता. परिणामी अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे आहारवाटपाची खोली, असा समज रूढ झाला. अंगण नावात राहिले आणि शिक्षण मागे पडले.

यानंतरची वाटचाल कायद्याची आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र अनुच्छेद ४५ मध्ये राज्याने प्रयत्न करावा एवढेच मार्गदर्शक तत्त्व राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही पूर्वप्राथमिक शिक्षणाची तरतूद शासनाच्या इच्छेवर सोपविली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रथमच तीन ते आठ हा वयोगट एक सलग टप्पा मानला. स्वतंत्र अंगणवाड्या, प्राथमिक शाळेच्या आवारातील अंगणवाड्या आणि शाळांना जोडलेले बालवर्ग हे मार्ग त्यात सांगितले आहेत. पहिलीपूर्वीच्या वर्गास 'बालवाटिका' हे नाव मिळाले असून निवडक केंद्रीय विद्यालयांत २०२२ पासून तो सुरू झाला. वाडीची पुन्हा वाटिका झाली. अंगण मात्र त्यात उरले नाही.

दोन शिक्षकांच्या खेड्यातील शाळेत बालवर्ग जोडावयाचा झाल्यास कसोटी येथेच लागते. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानुसार तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, आणि तीस मुलांच्या गटास निदान पस्तीस चौरस मीटरची खोली व बाहेर मोकळी जागा असावी, अशी अपेक्षा आहे. दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार असताना तिसरी व्यक्ती न देता मुले वाढविली, तर ती पहिलीच्या मागच्या रांगेत बसविली जातील आणि बिगरीचे पुनरुज्जीवन होईल. वस्तीतील अंगणवाडी उठवून दूरच्या शाळेत हलविली, तर बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीचा अनुभव पुन्हा येईल : जागा भरतील, पण ज्यांच्यासाठी त्या निर्माण केल्या ती मुले येणार नाहीत. आणि घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी केवळ प्रमाण मराठी ऐकू आली, तर दार उघडे असूनही ते बाहेरच राहील.

सारांश, बालवर्गाच्या जागांची मोजणी बाकांवरून करता येत नाही. किती मुलींच्या कडेवरचे ओझे उतरले आणि त्या स्वतः वर्गात बसू लागल्या, ही त्याची खरी मोजदाद आहे. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या. त्यांनी घडविलेला शब्द आज देशातील बहुतेक भाषांत आहे. त्या शब्दातील 'वाडी' शाळेला जोडताना त्यातील 'अंगण' गमावले जाऊ नये, एवढी दक्षता नव्या व्यवस्थेने घेतली पाहिजे.