स्मार्ट प्लग : जोडणी, वापर आणि मोजमाप

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
– स्मार्ट प्लगच्या आत काय घडते ते सांगणे;
– उपकरणाच्या वीजभारानुसार योग्य प्लग निवडणे;
– प्लग घरातील वाय-फायला जोडणे आणि लाइट जाऊन परत आल्यावर तो काय करील हे ठरवणे;
– प्लगच्या साहाय्याने युनिट मोजणे आणि ते मोजमाप घरच्या मीटरशी ताडून पाहणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, समजा तुम्ही इंटर्नशिपसाठी बेंगळुरूला गेला आहात आणि राजाजीनगरात दोन मित्रांसह भाड्याच्या घरात राहता. घरात गीझर, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, राउटर, इस्त्री आणि तिघांचे लॅपटॉप आहेत. वीज ‘बेस्कॉम’ या कंपनीची. कर्नाटकात ‘गृह ज्योती’ योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. तिच्या मूळ नियमाप्रमाणे २०२२-२३ या वर्षातील त्या जोडणीचा मासिक सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज मोफत मिळते. वापर त्याहून जास्त पण २०० युनिटांच्या आत असेल, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. २०० ओलांडले, की पूर्ण बिल भरावे लागते.

उदाहरण घेऊ. घराची जुनी सरासरी १५० युनिट असेल, तर मोफत मर्यादा १६५ होते. महिन्यात १९० युनिट वापरले, तर २५ युनिटांचे पैसे द्यावे लागतील. २०५ वापरले, तर सगळ्या २०५ युनिटांचे. म्हणजे शेवटच्या १५ युनिटांसाठी १८० जास्त युनिटांचे बिल येते! अशा वेळी घरात वाद सुरू होतो : “गीझर कोण चालू ठेवतो?” “तुझा लॅपटॉप रात्रभर लावलेला असतो!” घराचा मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो. कोणत्या उपकरणाने किती वीज घेतली, हे तो सांगत नाही. ते सांगू शकणारे स्वस्त साधन म्हणजे वीज मोजण्याची सोय असलेला स्मार्ट प्लग. (योजनेच्या अटी बदलू शकतात, तुमच्या घराची मर्यादा चालू बिलावर पाहावी.)

२. स्मार्ट प्लगच्या आत काय असते?

स्मार्ट प्लग भिंतीवरील सॉकेटमध्ये बसतो आणि उपकरणाची पिन त्याच्यात बसते. त्याच्या आत चार मुख्य भाग असतात.

(अ) रिले : हे विजेवर चालणारे बटण आहे. छोट्या कॉइलमधून थोडा प्रवाह गेला, की चुंबकत्वामुळे पट्टी ओढली जाते आणि मुख्य प्रवाहाचा मार्ग जुळतो. प्लग चालू करताना जो ‘टक्’ आवाज येतो तो याचाच.
(आ) वाय-फाय असलेली चिप : ही राउटरशी बोलते आणि रिलेला हुकूम देते.
(इ) मापन चिप : ही व्होल्टेज आणि प्रवाह मोजून वॅट व युनिट काढते. ही सर्व प्लगमध्ये नसते, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावे.
(ई) लहान वीजपुरवठा : हा २३० व्होल्टचे काही व्होल्ट डी.सी. करून वरील भागांना देतो. त्यामुळे उपकरण बंद असतानाही प्लग स्वतः थोडी वीज घेतो. ती १ वॅट धरली, तर वर्षाच्या ८७६० तासांत ८.७६ युनिट होतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. स्मार्ट प्लग वीज वाचवत नाही. तो फक्त मोजतो आणि लांबून बटण दाबतो. बचत होते ती आकडे पाहून आपण सवय बदलली तर.

३. योग्य प्लग कसा निवडावा?

आपल्याकडे घरगुती सॉकेट दोन प्रकारचे असतात : ६ अँपिअरचा लहान आणि १६ अँपिअरचा मोठा. मोठ्याला बोलीत ‘पॉवर पॉइंट’ म्हणतात. स्मार्ट प्लग ६, १० किंवा १६ अँपिअरचे मिळतात. २३० व्होल्टला त्यांची कमाल क्षमता अशी :

६ अँपिअर × २३० व्होल्ट = १३८० वॅट
१० अँपिअर × २३० व्होल्ट = २३०० वॅट
१६ अँपिअर × २३० व्होल्ट = ३६८० वॅट

उपकरणाच्या मागील पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार सलग चालवू नये, ही सवय चांगली. म्हणून २००० वॅटच्या गीझरलाही १६ अँपिअरचाच प्लग घ्यावा.

एवढी काळजी कशासाठी? सैल सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्याचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह ६.५ अँपिअर असेल, तर ६.५ × ६.५ × ०.०५ म्हणजे सुमारे २ वॅट उष्णता होते. प्रवाह दुप्पट, म्हणजे १३ अँपिअर झाला, तर तीच उष्णता सुमारे ८.५ वॅट होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळे पडणे, जळका वास येणे, प्लग हाताला गरम लागणे ही त्याचीच लक्षणे. असे दिसताच एमसीबी पाडून वापर थांबवावा.

पुढील गोष्टी टाळाव्यात :
– मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून ती ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवणे;
– एक्स्टेन्शन बोर्डवर स्मार्ट प्लग आणि त्यावर गीझर लावणे;
– बाथरूममधील वाफ किंवा पाणी पोहोचेल अशा जागी प्लग लावणे. गीझरचा सॉकेट आत असेल, तर हा प्लग तेथे वापरू नये;
– इस्त्री, पाण्यात सोडायचा हीटर रॉड, शेगडी अशी उपकरणे लांबून चालू करणे;
– ज्यावर कोणाचा श्वास किंवा औषधोपचार अवलंबून आहे असे उपकरण याच्यावर चालवणे.

आणखी एक मुद्दा. बहुतेक प्लगमधील रिले एकच तार तोडतो, ती फेजची असावी अशी अपेक्षा असते. समोरून पाहिल्यास सॉकेटमध्ये वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवे. जुन्या घरात या तारा उलट जोडलेल्या असू शकतात. तसे असेल तर अॅपमध्ये ‘बंद’ दिसत असूनही उपकरणात फेज शिल्लक राहते. म्हणून दुरुस्ती किंवा साफसफाई करण्यापूर्वी पिन काढलीच पाहिजे. तारा तपासण्याचे काम घरमालकाला सांगून परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

४. प्लग वाय-फायला जोडणे

पायरी १. कंपनीचे अॅप मोबाइलवर घेऊन खाते उघडा. पासवर्ड नवा आणि इतरत्र न वापरलेला ठेवा.
पायरी २. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आणा. बहुतेक प्लग ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत. २.४ च्या लहरी भिंती ओलांडून अधिक लांब जातात आणि त्यासाठीची चिप स्वस्त असते, म्हणून निर्माते तीच वापरतात.
पायरी ३. प्लग राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावा. बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकू लागला, की प्लग जोडणीसाठी तयार झाला.
पायरी ४. अॅपमध्ये ‘नवे उपकरण जोडा’ निवडा. या वेळी प्लग स्वतःचे छोटे वाय-फाय किंवा ब्लूटूथ सुरू करतो. मोबाइल त्याच्यामार्फत तुमच्या राउटरचे नाव आणि पासवर्ड प्लगला कळवतो. मग प्लग स्वतःच राउटरला जोडला जातो.
पायरी ५. प्लगला स्पष्ट नाव द्या : ‘गीझर’, ‘हॉल टीव्ही’. अॅपने सुचवलेले सॉफ्टवेअर अद्ययावत करा.
पायरी ६. आधी टेबल-लॅम्पसारखे लहान उपकरण लावून चालू-बंद करून पाहा. नंतरच प्लग ठरलेल्या जागी न्या.

राजाजीनगरासारख्या भागात घराला घर लागून असते आणि एकाच इमारतीत प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड असते. त्यामुळे प्रत्येकाचा राउटर त्याच हवेत बोलत असतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. प्लग वारंवार ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा.

५. हुकूम कोणत्या वाटेने जातो?

तुम्ही मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उभे राहून अॅपमध्ये ‘बंद’ दाबले. तो संदेश मोबाइलच्या नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तेथून इंटरनेटने घरच्या राउटरकडे आणि मग प्लगकडे. प्लगने सर्व्हरशी जोडणी आधीच उघडून ठेवलेली असते, म्हणून राउटरमध्ये वेगळी वाट करून द्यावी लागत नाही.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला : इंटरनेट बंद पडले तर? प्लगवरचे बटण चालतेच. वेळापत्रक प्लगच्या आत साठवलेले असेल तर तेही चालते, सर्व्हरवर असेल तर चालत नाही. राउटर दहा मिनिटे बंद ठेवून हे स्वतः पाहावे. दुसरा : ही माहिती कोणाकडे जाते? वीजवापराचा आलेख पाहून तुम्ही किती वाजता उठता, घर कधी रिकामे असते हे कळते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि शक्य असेल तर स्मार्ट प्लगसाठी राउटरवरील वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क वापरा. घर सोडताना प्लग अॅपमधून काढून टाका. बटण दाबून तो मूळ स्थितीत आणल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नका.

६. लाइट जाऊन परत आली तर?

हे सेटिंग बहुतेक जण पाहतच नाहीत. लाइट परत आल्यावर प्लगने काय करायचे याचे तीन पर्याय असतात : बंद राहणे, चालू होणे, किंवा पूर्वीच्या स्थितीत जाणे. गीझर लावलेला असताना लाइट गेली, तुम्ही कॉलेजला निघून गेलात आणि दुपारी लाइट आली. प्लग ‘पूर्वीची स्थिती’वर असेल, तर रिकाम्या घरात गीझर तापू लागेल. म्हणून उष्णता देणाऱ्या उपकरणांसाठी नेहमी ‘बंद राहणे’ निवडावे. राउटरला ‘चालू होणे’ हा पर्याय योग्य. फ्रिजला वेळापत्रक लावू नये, त्याचा प्लग मोजमाप झाल्यावर काढून ठेवावा.

७. मोजमाप : गीझरचे उदाहरण

गीझरची टाकी १५ लिटरची आहे. पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायचे आहे.

लागणारी ऊर्जा = १५ × ४.१८६ × ३० = सुमारे १८८४ किलोज्यूल
१ युनिट = ३६०० किलोज्यूल, म्हणून १८८४ ÷ ३६०० = ०.५२ युनिट
२००० वॅटच्या गीझरला लागणारा वेळ = सुमारे १६ मिनिटे

तिघांनी रोज एकेक टाकी वापरली, तर महिन्याला ०.५२ × ३ × ३० म्हणजे सुमारे ४७ युनिट होतात. प्लगवर याहून बराच मोठा आकडा आला, तर जास्तीची वीज अंघोळीत गेलेली नाही. गीझर दिवसभर चालू राहून टाकीतील उष्णता बाहेर निसटते आहे आणि तो पुन्हा पुन्हा तापतो आहे. वाद येथेच मिटतो : अंघोळीपूर्वी २० मिनिटे चालू आणि मग आपोआप बंद, असा टायमर लावावा. त्याचप्रमाणे रात्रंदिवस लागलेला सेट-टॉप बॉक्स १० वॅट दाखवत असेल, तर महिन्याला ७.२ युनिट होतात. आकडा लहान, पण २०० च्या काठावर तोही मोलाचा.

८. प्लगचा आकडा खरा कशावरून?

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते लिहिलेले असते. समजा तेथे ३२०० आहे. तर एका मिनिटातील लुकलुकींना १८.७५ ने गुणले, की घरातील एकूण वॅट मिळतात. प्रथम सर्व काही बंद करून लुकलुकी मोजा. मग १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर १५०० वॅटची पाण्याची किटली लावून पुन्हा मोजा. फरक ८० च्या आसपास यायला हवा. किटली घ्यायची कारण तिचा भार पाणी उकळेपर्यंत जवळजवळ स्थिर असतो. पंख्यासारख्या मोटरच्या उपकरणात व्होल्टेज गुणिले प्रवाह हा आकडा वॅटपेक्षा जास्त येतो, कारण तेथे पॉवर फॅक्टर एकापेक्षा कमी असतो. बिल मात्र वॅटवरूनच, म्हणजे युनिटांवरून होते.

सारांश

स्मार्ट प्लग म्हणजे दूरचे बटण आणि छोटा मीटर. भारानुसार प्लग निवडावा, तापणारी उपकरणे लाइट आल्यावर बंदच राहतील असे पाहावे, आणि एक-दोन आठवडे मोजून काय बदलायचे ते ठरवावे. मीटर-वाचनाच्या एका दिवसापासून पुढच्या वाचनापर्यंत मोजले, तर आकडे बिलाशी थेट जुळवता येतात.

स्वाध्याय

१. ७५० वॅटचा मिक्सर आणि १००० वॅटची इस्त्री एकाच ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकाच वेळी चालवता येतील का? गणित करून सांगा.
२. तुमच्या घरातील गीझर रात्रभर पाणी न वापरता चालू ठेवल्यास किती युनिट लागतात, हे प्लगने मोजा. टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेबद्दल तुमचा निष्कर्ष लिहा.
३. घराची जुनी सरासरी १२० युनिट असेल, तर ‘गृह ज्योती’च्या मूळ नियमानुसार १५० आणि २०१ युनिट वापरल्यास किती युनिटांचे पैसे द्यावे लागतील?