चरबीची गाठ कापली, पुढे काय?

खांद्यावर किंवा मांडीवर मऊ गाठ आली की डॉक्टर बोटाने हलवून पाहतात आणि म्हणतात, ‘चरबीची आहे, घाबरू नका.’ बहुतेक वेळा ते खरं ठरतं. पण अशा गाठींत क्वचित एखादी निघते हायबरनोमा, म्हणजे तपकिरी चरबीची गाठ.

तपकिरी चरबी शरीरात ऊब तयार करते. तान्ह्या बाळात ती भरपूर असते, वयाबरोबर कमी होते. तिच्यापासून होणारी ही गाठ मर्केल यांनी १९०६ साली प्रथम नोंदवली. थंडीत दीर्घ झोप घेणाऱ्या प्राण्यांच्या चरबीशी साम्य पाहून जेरी यांनी १९१४ मध्ये तिला हे नाव दिलं. ती बहुधा विशी ते चाळिशीत दिसते, सावकाश वाढते आणि सहसा दुखत नाही. रक्तवाहिन्या जास्त असल्याने कधी वरची त्वचा कोमट लागते. हा कर्करोग नव्हे.

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल किंवा भराभर वाढत असेल, तर आपण थांबू नये. चोळणं, शेकणं, लेप लावणं यात महिने जातात, गाठ मात्र जात नाही.

आधी सोनोग्राफी, मग गरजेनुसार एमआरआय. कराड, मिरज, सांगलीत ही सोय आहे. इथेच घरचे हादरतात, कारण हायबरनोमा साध्या चरबीसारखी दिसत नाही आणि अहवालात ‘लायपोसार्कोमाची शक्यता’ असं येऊ शकतं. लायपोसार्कोमा म्हणजे चरबीचा कर्करोग. पेट स्कॅनमध्येही हायबरनोमा ठळक चमकते. पण स्कॅनचा अहवाल हा अंतिम निकाल नसतो.

निकालासाठी सुईने तुकडा काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. या गाठीतून रक्त जास्त येऊ शकतं. आपण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधीच सांगा.

शस्त्रक्रियेत गाठ आवरणासकट पूर्ण काढतात. पूर्ण निघाली की ती सहसा परत येत नाही. कापल्यावर आतून पिवळसर-तपकिरी दिसते.

सगळ्यात जास्त घोटाळा इथून पुढे होतो. ‘चरबीचीच होती’ म्हणून गाठ फेकून देतात, नाहीतर कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून किंवा सलाईनमध्ये टाकून नातेवाइकाच्या हाती देतात. दुपारच्या एसटीत ती सडायला लागते आणि पेशी ओळखू येत नाहीत. गाठ लगेच फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, हवी. द्रावण गाठीच्या सुमारे दहा पट, बरणी रुंद तोंडाची, वर नाव आणि जागा लिहिलेली.

प्रयोगशाळेत तिचे तुकडे मेणात बसवून अतिशय पातळ काप काढतात आणि रंगवतात. साध्या चरबीच्या पेशीत एकच मोठा थेंब असतो, केंद्रक कडेला ढकललेलं. हायबरनोमाची पेशी महाबळेश्वरच्या तुतीसारखी, असंख्य बारीक थेंबांची, केंद्रक मात्र बहुधा मधोमध. तरी शंका उरली तर एमडीएम-२ या जनुकाची चाचणी करतात. काही लायपोसार्कोमांत हे जनुक प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं, हायबरनोमात नसतं.

यात काही दिवस जातात. टाके निघाले की बरेच जण अहवाल न्यायलाच येत नाहीत, हे मला सर्वात खटकतं. अहवाल आणा, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत हवं असेल तर गाठ पुन्हा लागत नाही. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि मुंबई-पुण्याला न्या.